समुद्रकिनाऱ्यावर एक दिवस: आखणी ओहोटीच्या वेळेपासून

किनाऱ्यावर जायची तारीख पक्की करण्याआधी त्या किनाऱ्याचं भरती-ओहोटीचं कोष्टक उघडून बसा. निघायचं कधी, जेवायचं कधी, पाण्यात उतरायचं कधी आणि गाडी कुठे लावायची, हे सगळं त्यावरून ठरतं. आधी आपल्या सोयीची वेळ धरून चाललं, की भर दुपारी पोहोचावं तर पुळण पाण्याखाली आणि बसायला दगडांची कड, अशी गत होते.

कोष्टक वाचताना

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण 12 तास 25 मिनिटं जातात. म्हणून आजची वेळ उद्या सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. आठवड्याभरात हे सरकणं सहा तासांच्या आसपास पोहोचतं. या रविवारी दुपारी बाराला ओहोटी असेल तर पुढच्या रविवारी त्या वेळी जवळजवळ भरती असते, आणि त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा ओहोटी. सुट्टीचा एकच वार हाताशी असला की एक आठवडा अलीकडे-पलीकडे करून बरंच साधता येतं. अर्थात हे सगळीकडे लागू नाही. मेक्सिकोच्या आखातात बऱ्याच ठिकाणी दिवसाला एकच भरती येते, आणि भूमध्य समुद्राच्या बहुतेक किनाऱ्यांवर पाणी इतकं कमी वर-खाली होतं की तिथे वाऱ्याकडे बघितलेलं बरं.

वेळेच्या शेजारी मीटरमध्ये एक आकडा असतो. ती तुमच्या पायाखालची खोली नव्हे. ठरवून दिलेल्या एका खालच्या पातळीपासून पाणी किती वर असेल, एवढंच तो सांगतो. आपल्या कामाचा असतो तो भरतीच्या आणि ओहोटीच्या आकड्यांमधला फरक. अमावास्या आणि पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी हा फरक सर्वांत मोठा असतो, ते उधाण. अष्टमीच्या मागेपुढे तो सर्वांत लहान, तो भांग. खडकांमधली डबकी, त्यातले खेकडे, शिंपले, लांबलचक ओली वाळू पाहायची असेल तर उधाणाची ओहोटी गाठावी. लहान मुलं बरोबर असतील आणि दिवसभर एकाच जागी बसायचं असेल तर भांगाचे दिवस बरे, पाणी फार मागेपुढे पळत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी: एकाच किनाऱ्यावर उधाणाची भरती दर पंधरवड्याला साधारण त्याच घड्याळी वेळेला येते. एकदा टिपून ठेवली की कोष्टक न उघडताही अंदाज बांधता येतो.

कोष्टक वाचताना चुका होतात त्या बहुधा दोन. आपला किनारा सोडून जवळच्या मोठ्या बंदराच्या वेळा घेतल्या जातात. खाडी, बेट किंवा भूशिर मध्ये असेल तर अर्ध्या-एक तासाचा फरक सहज पडतो. किंवा कोष्टकातली वेळ उन्हाळी घड्याळाप्रमाणे (काही देशांत उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात, त्याप्रमाणे) आहे की नाही हे पाहायचं राहतं. शिवाय कोष्टक चंद्र-सूर्याच्या हिशेबाने केलेलं असतं, त्याला हवामान ठाऊक नसतं. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर वर चढतं, आणि त्यात किनाऱ्याकडे जोराचा वारा असला तर कागदावरची भरती प्रत्यक्षात बरीच वर येते.

आता पाणी किती वेगाने येतं ते. भरती सहा तासांत येते, पण दर तासाला सारखी नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. समजा दुपारी 1 वाजता ओहोटी 0.8 मीटर आणि संध्याकाळी सातच्या सुमारास भरती 4.4 मीटर. फरक 3.6 मीटर, म्हणजे एक भाग 30 सेंटिमीटर. दोन वाजेपर्यंत पाणी जेमतेम 30 सेंटिमीटर चढलेलं असतं आणि सगळे निवांत असतात. तीन ते चार या एका तासात मात्र ते 90 सेंटिमीटर चढतं. दर 50 मीटरला एक मीटर उतार असलेल्या सपाट किनाऱ्यावर याचा अर्थ पाण्याची कड तासाभरात 45 मीटर आत येते, मिनिटाला पाऊण मीटर. चटई, चपला, पिशव्या वाहून जातात त्या याच वेळी. त्याहून वाईट म्हणजे, समोरच्या वाळूच्या उंचवट्यावर गेलेल्यांच्या मागची सखल पट्टी आधी भरते. उंचवटा कोरडाच असतो, म्हणून परतीची वाट गेलेली कळत नाही.

दिवस बसवताना

ओहोटीच्या दोन तास आधी पोहोचावं आणि ओहोटीनंतर दोन-अडीच तासांनी सामान आवरायला घ्यावं, हा चांगला साचा. त्यात उन्हाचा विचार मिसळा. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात अतिनील किरणं जास्त असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तोवर सावलीत राहणं शहाणपणाचं. म्हणजे सकाळी नऊच्या आसपासची ओहोटी सर्वांत सोयीची. सातला पोहोचून साडेअकराला निघता येतं, आणि दुपारचा वाराही चुकतो. दुपारी जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते, म्हणून समुद्रावरून वारा सुटतो. सकाळचं आरशासारखं पाणी दोन वाजेपर्यंत खवळलेलं दिसतं ते त्यामुळे. भरतीच जर दुपारी बाराला येत असेल आणि किनारा अरुंद असेल तर सकाळी लवकर जाऊन दहाच्या आत उठावं, नाहीतर दिवस बदलावा.

किनारा निवडताना जीवरक्षक आहेत का आणि ते किती वाजेपर्यंत असतात, हे आधी विचारा. देखणेपणा नंतर. मग स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, सावली. सार्वजनिक किनाऱ्याची एक गोम असते: कित्येक देशांत ओली वाळू सगळ्यांची असते, पण तिथवर जाणारी वाट खासगी जागेतून जाते. नकाशात ठिपका दिसला म्हणजे रस्ता आहेच असं नाही. सार्वजनिक वाट आणि गाड्या लावायची जागा घरूनच पाहून ठेवा.

हवामानात पाऊस आणि तापमान सगळेच बघतात. त्यापलीकडे लाटांची उंची, लाटांचा कालावधी आणि वाऱ्याची दिशा पाहायची. अंदाजात दिलेली उंची ही सगळ्या लाटांपैकी सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. अधूनमधून जवळपास दुप्पट उंचीची लाट येणं हा नियमातलाच भाग आहे. कालावधी म्हणजे एका लाटेनंतर दुसरी किती सेकंदांनी येते ते. एक मीटरची लाट सहा सेकंदांनी येत असेल तर ती जवळच्या वाऱ्याची खळबळ. तीच चौदा सेकंदांनी येत असेल तर ती दुरून आलेली, जड आणि ताकदवान. लांब कालावधीच्या दिवशी खडकांवर जाऊच नये, कारण दहा-पंधरा मिनिटं शांत गेल्यावर मोठ्या लाटांची रांग येते. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असेल तर पाणी मऊ, सपाट दिसतं आणि नेमकं तेव्हाच हवेची रिंग, गादी किंवा फुगवलेला बदक मुलासकट आत जातो. अशा दिवशी ही खेळणी गाडीतच राहू द्या.

जोराचा पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवस पोहणं टाळा, विशेषतः नाले आणि नदीच्या मुखाजवळ. शहरातलं सगळं धुऊन तिथेच आलेलं असतं.

पाण्यात उतरण्याआधी

सामान टाकल्या टाकल्या पाण्याकडे धावू नका. थोडं उंचावर उभं राहून निदान दहा मिनिटं समुद्र बघा. आधी झेंडे. वर लाल, खाली पिवळा असे दोन झेंडे जिथे असतील त्यांच्या मधल्या भागावर जीवरक्षकांची नजर असते, पोहायचं तिथेच. नुसता पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे उतरायचं नाही, दोन लाल म्हणजे पाणी सर्वांसाठी बंद, जांभळा म्हणजे जेलीफिशसारखे जीव आहेत. ही पद्धत अनेक देशांत चालते, सगळीकडे नाही. म्हणून प्रवेशाजवळचा फलक वाचायलाच हवा.

मग समुद्राकडे खेचणारा प्रवाह शोधा, ज्याला रिप करंट म्हणतात. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि वाळूच्या दोन उंचवट्यांमधल्या खोलगट चरातून वेगाने बाहेर पडतं. त्यामुळे ओळखायच्या खुणा फसव्या आहेत: दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत, पांढरा फेस आहे, आणि मधल्या पट्ट्यात लाटाच नाहीत. तिथलं पाणी गडद किंवा वाळूने गढूळ दिसतं, वर बारीक चुरगळलेलं असतं, फेस आणि शेवाळ आत जाताना दिसतं. नवखा माणूस नेमका त्याच शांत पट्ट्यात उतरतो. ओहोटीच्या वेळी हे प्रवाह बहुधा जास्त जोरात असतात, तेव्हा ओहोटी चालण्यासाठी आणि पोहणं त्यानंतरच्या चढत्या पाण्यात, असं वाटून घेतलेलं चांगलं. धक्के, बंधारे आणि खडकांच्या कडेला तर तो जवळजवळ कायमच असतो.

प्रवाहात सापडलात तर तो तुम्हाला खाली ओढत नाही, फक्त बाहेर नेतो. किनाऱ्याच्या दिशेने त्याच्याशी झुंजत पोहणं हेच जिवावर बेततं, कारण त्याचा वेग चांगल्या पोहणाऱ्यालाही भारी पडतो. उताणं पडून तरंगा, श्वास जागेवर येऊ द्या, एक हात वर करून हाक मारा. दम असेल तर किनाऱ्याला समांतर, जिथे लाटा फुटताहेत त्या दिशेने पोहा आणि मग लाटांबरोबर तिरकं बाहेर या. दुसरं कुणी सापडलं असेल तर मागोमाग उडी घेऊ नका. जीवरक्षकाला बोलवा आणि तरंगणारं काहीही फेका, झाकण लावलेला रिकामा कॅन, फळी, चेंडू.

बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीशी, मान मागे, हात बाजूला पाणी दाबत असलेले, आणि आवाज नाही. म्हणून मुलांवर 'सगळ्यांचं लक्ष' असून चालत नाही. एकाचं नाव घेऊन त्याला वीस मिनिटांची पाळी द्या. त्या वेळात त्याच्या हातात फोन नको. न पोहणारं मूल हाताच्या अंतरात. मुलांना भडक केशरी, पिवळे किंवा पोपटी कपडे घाला. निळे आणि पांढरे पाण्यात दिसेनासे होतात. आणि वाळूत खड्डा खणायचा तर सगळ्यात लहान मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल नको, वाळूच्या भिंती न सांगता ढासळतात.

मेघगर्जना ऐकू आली की पाणी आणि उघडी वाळू दोन्ही सोडा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं परत जाऊ नका.

बरोबर काय

पाणी माणशी किमान तीन लिटर, त्यातली एक बाटली आदल्या रात्री गोठवून. पाय धुवायला पाच लिटरचा कॅन वेगळा. सनस्क्रीन लोक फार कंजुषीने लावतात: मोठ्या माणसाच्या अंगभर एका वेळी 30 मिली, म्हणजे सहा चहाचे चमचे लागतात. उन्हात जाण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावायचं, मग दर दोन तासांनी आणि प्रत्येक वेळी पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. म्हणजे 50 मिलीची ट्यूब चौघांत एकदाही पुरत नाही. कान, मानेची मागची बाजू आणि पायाचा वरचा भाग हमखास राहून जातो. छत्री नेत असाल तर दांडा निदान दीड-दोन फूट आत जाईपर्यंत हलवत हलवत रुतवा आणि छत्रीचा माथा वाऱ्याकडे कललेला ठेवा. जीन्स आणि लांब घोळदार कपडे घालून पाण्यात जाऊ नका, भिजले की ते पायांत अडकतात.

प्रथमोपचारात चिमटा आणि गरम पाण्याचा थर्मास असू द्या. जेलीफिश डसली तर जागा समुद्राच्या पाण्यानेच धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा आणि मग सोसवेल इतक्या, साधारण 45 अंश सेल्सिअसच्या पाण्यात ती निदान वीस मिनिटं धरा. गोडं पाणी, वाळूने चोळणं, लघवी, यातलं काही करू नका. न फुटलेल्या विषाच्या पेशी त्याने फुटतात. किनाऱ्यावर मरून पडलेली जेलीफिशही डसते. उथळ पाण्यात पाय घासत चाला, वाळूत दडलेला पाकट मासा सरकून जातो. त्याचा काटा लागलाच तर गरम पाण्याचाच उपाय, पण पुढे डॉक्टरकडे जायलाच हवं, कारण काट्याचा तुकडा आत राहू शकतो. धाप लागली, चेहरा सुजला किंवा छातीत दुखलं तर घरगुती उपाय सोडून सरळ रुग्णालय.

निघताना

गाडी सुकलेल्या शेवाळाच्या आणि काटक्यांच्या ओळीच्या खाली कधीच लावू नका. ती ओळ म्हणजे मागच्या भरतीची हद्द, आणि उधाण जवळ येत असेल तर आजचं पाणी तीही ओलांडतं. अंगावरची वाळू ओली असताना पुसत बसू नका, चिकटते. आधी सुकू द्या, थोडी टाल्कम पावडर लावा आणि कोरड्या फडक्याने झटका. गाडीची रिमोट किल्ली खिशात घेऊन पाण्यात जाऊ नका. फोन पाण्यात टिकतो असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी ती चाचणी गोड्या पाण्यातली असते. खारं पाणी उडालं असेल तर गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या कापडाने पुसा आणि पोर्ट पूर्ण कोरडा झाल्याशिवाय चार्जर लावू नका.