कोळशाने धरलेलं औषध सुटत नाही? या चुका टाळा

पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून उरलेल्या काड्या, आपल्याकडे शेतोशेत पडलेली असते. म्हणून यवतमाळकडच्या कॉलेजात दरवर्षी कोणी ना कोणी पऱ्हाटीचा सक्रिय कोळसा (पदार्थ धरून ठेवणारा, बारीक छिद्रांचा कोळसा) करून, लघवीतलं किंवा रक्तद्रवातलं सूक्ष्म औषध त्यावर गोळा करून मोजण्याचा प्रोजेक्ट घेतो. विषय चांगलाच आहे. फक्त कोळशाने औषध धरलं की काम फत्ते, असं समजू नका.

मागच्या उन्हाळ्यात एका विद्यार्थिनीने लघवीत डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मिसळलं, पीएच २ वर आणला, कोळसा टाकून हलवलं, गाळलं. गाळलेल्या द्रवात औषध नाहीच. "सर, सगळं शोषलं!" मी तिला कोळसा न घालता तशीच एक बाटली करायला लावली. उजेडात धरली तर आत पांढुरका गढूळपणा. डायक्लोफेनॅकचा पीकेए (ज्या पीएचला औषधाचे अर्धे रेणू विद्युतभारित असतात तो आकडा) ४ च्या आसपास. इतक्या आम्लात ते पाण्यात जेमतेम विरघळतं. मात्रा जास्त झाली, साका बसला आणि गाळणकागदावर अडकला. तेव्हापासून बिनकोळशाची बाटली शेजारी असल्याशिवाय मी वहीवर सही करत नाही.

खरी कसोटी कोळशातून औषध सोडवण्याची. डायक्लोफेनॅकसारखे वलयं असलेले रेणू कोळशाला असे चिकटतात की नुसत्या मेथॅनॉलने पुरते निघत नाहीत. डायक्लोफेनॅकसाठी मेथॅनॉलमध्ये थोडा अमोनिया घाला, दोन-तीनदा धुवा, आणि मुळात कोळसाच कमी घ्या. रिकव्हरी (घातलेल्यापैकी किती औषध परत मिळालं ते) काढताना द्रवातून किती गेलं ते नको, कोळशातून किती परत आलं ते मोजा.

फॉस्फोरिक आम्लाने केलेला कोळसा नीट धुतला नाही तर तुमचा पीएच तोच ठरवतो. डायक्लोफेनॅक २७६ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश किती शोषतं यावरून मोजतात; कोळशाची बारीक पूड हे रीडिंग फुगवते, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा. लघवी स्वतःही तिथे प्रकाश शोषते, म्हणून कॅलिब्रेशन (ठरावीक मात्रांवरून रीडिंगचं प्रमाण बसवणं) औषध नसलेल्या लघवीतच करा, पाण्यात नाही.

रक्तद्रवात ९९ टक्क्यांहून जास्त डायक्लोफेनॅक प्रथिनांना बांधलेलं असतं. अॅसिटोनायट्राइलने प्रथिनं पाडा, पण मग पाणी घालून ते भरपूर पातळ करा, नाहीतर कोळसा औषध धरणारच नाही.

आणि गोळी घेतलेल्या माणसाच्या लघवीत मूळ औषध फार थोडं असतं. बरंचसं हायड्रॉक्सी रूपात, ग्लुकुरोनिक आम्लाशी (यकृत औषधाला जोडतं त्या साखरेसारख्या रेणूशी) जोडून बाहेर पडतं. ते बंध आधी तोडले नाहीत तर कोळसा कितीही चांगला असो, आकडा अपुराच येईल.