नॅनोसायन्स घेताय? मग या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की कोल्हापुरात राजारामपुरीत चहा पिताना कुणीतरी विचारतंच, "दादा, नॅनोला स्कोप हाय काय?" मी उलट विचारतो, "तुला केमिस्ट्री आवडते की फिजिक्स?" पोरगं गोंधळतं. पहिली चूक इथंच होते.

मीटरचा अब्जावा भाग म्हणजे नॅनोमीटर. ते माप झालं, त्या मापात काम करायला हातात मूळ विषय लागतो. शिवाजी विद्यापीठात नॅनोसायन्सचा बीएस्सी-एमएस्सी असा सलग पाच वर्षांचा कोर्स आहे. तो घेतलात तरी पहिल्या वर्षीच फिजिक्स किंवा केमिस्ट्री यातलं एक घट्ट धरा. पुढं संशोधनासाठी द्याव्या लागणाऱ्या सीएसआयआर-नेट किंवा गेट या परीक्षांना 'नॅनो' नावाचा पेपरच नसतो. हे बरेच जण एमएस्सीच्या शेवटच्या सेमिस्टरला शोधून काढतात, आणि मग धावपळ.

आता लॅबमधलं. सायट्रेट पद्धतीनं (सोन्याच्या क्षाराच्या गरम द्रावणात सायट्रेट घालून) सोन्याचे नॅनोकण करताना द्रावण छान लालभडक व्हायला हवं. माझं पहिलं जांभळं झालं, मग निळसर. दोन दिवस मी केमिकललाच शिव्या घातल्या. दोष फ्लास्कचा होता, शेवटी नळाच्या पाण्यानं विसळलेला. पाण्यातल्या क्षारांमुळं कणांवरच्या ऋणभाराचा परिणाम झाकला जातो, कण एकमेकांना चिकटतात आणि प्रकाश शोषणाच्या आलेखातलं ५२० नॅनोमीटरच्या आसपासचं टोक (पीक) पसरत उजवीकडं सरकतं. नंतर फ्लास्क अम्लराजानं, म्हणजे हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिक आम्लाच्या तीव्र मिश्रणानं, धुतला (वाफा ओढून घेणाऱ्या फ्यूम हूडमध्येच, आणि सर शेजारी असताना), डिस्टिल्ड वॉटरनं चार वेळा विसळला. रंग जमला.

एक्सआरडी म्हणजे क्ष-किरण टाकून स्फटिकांची रचना बघायची चाचणी. त्यातली चूक तर दरवर्षी बघतो. आलेखातल्या पीकच्या रुंदीवरून स्फटिकाचा आकार काढतात ते शेररचं सूत्र; त्यात ती रुंदी रेडियनमध्ये घालायची असते, पोरं अंशातच घालतात. उत्तर सत्तावन्न पट लहान येतं. २० नॅनोमीटरचा स्फटिक ०.३५ नॅनोमीटरचा होतो, आणि झिंक ऑक्साइडच्या एकाच एकक पेशीची (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सगळ्यात लहान तुकड्याची) उंची ०.५२ नॅनोमीटर असते! म्हणजे वीट घरापेक्षा मोठी. तरी आकडा रिपोर्टात छापून येतो. शिवाय सूत्रातून निघतो तो स्फटिकाचा आकार. एसईएमच्या (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) फोटोत कण २०० नॅनोमीटरचा दिसला तर घाबरू नका, एका कणात अनेक स्फटिक असू शकतात.

सॅम्पल पाठवून नुसता ग्राफ मागवू नका. ऑपरेटरशेजारी बसा, चहा पाजा, सॅम्पल कसं बसवतात ते बघा.

नोकरीचं म्हणाल तर जाहिरातीत 'नॅनो' हा शब्द शोधत बसू नका. आर अँड डी केमिस्ट, कोटिंग, बॅटरी, मटेरियल टेस्टिंग, प्रोसेस इंजिनिअर असं शोधा. चिपचं काम गुजरातेत साणंद-धोलेऱ्याकडं उभं राहतंय, तिकडं जायची तयारी ठेवा. घर सोडायचं नसेल तर शिरोलीच्या फाउंड्रीत धातूची सूक्ष्मरचना बघणारा माणूस लागतो आणि इचलकरंजीत कापडावरच्या फिनिशिंगची रसायनं समजणारा. पगार सुरुवातीला बेताचाच, हे घरी आधी सांगा. पीएचडीला जाणार असाल तर जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप) मिळवूनच जा: पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि वर घरभाडं. फेलोशिपशिवाय गाईडच्या भरवशावर रजिस्ट्रेशन केलेले माझे दोन मित्र आज क्लासेस घेतात.

बायोडाटात 'एक्सआरडीचं ज्ञान' असं मोघम लिहू नका. किती सॅम्पल स्वतः तयार केली, त्यातली किती फसली आणि का, ते लिहा. मुलाखतीत मला तेवढंच विचारलं होतं, आणि मी जांभळ्या फ्लास्कची गोष्ट सांगितली.