ए/बी टेस्टचा निकाल वाचण्याआधी डेटा अ‍ॅनालिस्टने करावयाची कामे

संकेतस्थळावरील ए/बी टेस्टमध्ये (वापरकर्त्यांचे दोन गट करून एकाला जुने व दुसऱ्याला नवे पान दाखवून केलेल्या तुलनेत) डेटा अ‍ॅनालिस्टचे महत्त्वाचे काम टेस्ट सुरू होण्यापूर्वीच उरकलेले असावे, कारण आकडे समोर आल्यावर ठरवलेला निकष बहुधा हवा तोच निकाल देतो. कोणता बदल करायचा, तो कोणाला दाखवायचा, निर्णय कोणत्या एका मेट्रिकवर (मोजायच्या आकड्यावर) घ्यायचा आणि टेस्ट कधी थांबवायची, एवढे एका पानावर लिहावे आणि त्यावर प्रॉडक्ट मॅनेजरचा ईमेलवर होकार घ्यावा. तोंडी होकार निकाल उलटा आला की कोणालाच आठवत नाही. मुख्य मेट्रिक एकच ठेवावे. एकमेकांशी संबंध नसलेली 20 मेट्रिक 5 टक्क्यांच्या पातळीवर (म्हणजे परिणाम नसतानाही प्रत्येकी 5 टक्के वेळा चुकीचा होकार मिळेल अशा निकषावर) तपासली, तर बदलाचा काहीही परिणाम नसतानाही त्यांपैकी किमान एक ‘सिग्निफिकंट’ (निव्वळ योगायोग न वाटणारे) दिसण्याची शक्यता सुमारे 64 टक्के असते.

त्यानंतर सॅम्पल साइज, म्हणजे प्रत्येक गटात किती वापरकर्ते हवेत तो आकडा, काढावा. समजा, एका ऑनलाइन दुकानात चेकआउटच्या पानावर आलेल्यांपैकी 4 टक्के लोक खरेदी पूर्ण करतात आणि हे प्रमाण 4.4 टक्क्यांवर गेले तरच नवे पान ठेवायचे आहे. 5 टक्के सिग्निफिकन्स आणि 80 टक्के पॉवर (खरा फरक असल्यास तो पकडला जाण्याची शक्यता) धरल्यास 0.04 गुणिले 0.96 या गुणाकाराला 16 ने गुणून 0.004 च्या वर्गाने भागावे. प्रत्येक गटासाठी सुमारे 38,400 वापरकर्ते लागतात. याच्या निम्मा फरक पकडायचा म्हटले, तर ही संख्या चौपट होते. हे गणित बैठकीत मांडले की बटणाचा रंग बदलण्यासारख्या अनेक सूचना आपोआप मागे पडतात, आणि ते बरेच असते. रोज 6,000 नवे वापरकर्ते येत असतील, तर दोन्ही गट 13 दिवसांत भरतात. तरीही टेस्ट पूर्ण 14 दिवस चालवावी, कारण शनिवार-रविवारची खरेदी इतर दिवसांसारखी नसते. दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेली टेस्ट वर्षभराच्या निर्णयासाठी वापरू नये.

टेस्ट चालू असताना डॅशबोर्ड उघडावा तो बिघाड शोधण्यासाठी. ठरावीक अंतराने 10 वेळा निकाल पाहून, पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना निदान एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) पहिल्यांदा 0.05 च्या खाली गेली की थांबायचे असे केल्यास, चुकीच्या होकाराची शक्यता 5 वरून सुमारे 19 टक्क्यांवर जाते. मध्येच थांबण्याची मुभा हवीच असेल, तर त्यासाठी असलेली, वारंवार निकाल पाहणे हिशेबात धरणारी सिक्वेन्शियल पद्धत आधीच निवडावी.

मुदत संपल्यावर सर्वात आधी गटांतील लोकांची संख्या पाहावी, कन्व्हर्जन (खरेदी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण) नंतर. निम्मी-निम्मी वाटणी ठरलेली असताना एका गटात 50,000 आणि दुसऱ्यात 49,000 लोक आढळले, तर वरवर हा फरक किरकोळ वाटतो. पण काय-वर्ग चाचणीत (प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्यांची तुलना करणाऱ्या चाचणीत) पी-व्हॅल्यू 0.0015 च्या आसपास येते, म्हणजे तो योगायोग मानणे कठीण आहे. नव्या पानावर रिडायरेक्टने (जुन्या पत्त्यावरून आपोआप वळवले जाऊन) जावे लागत असेल, तर काही लोक नोंद होण्याआधीच निघून जातात. कधी बॉट (माणसाऐवजी पाने उघडणारे प्रोग्रॅम) एकाच गटातून गाळले जातात. अशा वेळी निकाल कितीही आकर्षक असला तरी तो कळवू नये. कारण शोधावे, दुरुस्ती करावी आणि टेस्ट नव्याने सुरू करावी; मोठ्या गटातील हजार लोक वगळून आकडे जुळवणे हा उपाय नव्हे, कारण नेमके कोण गळाले हे आपल्याला माहीत नसते.

वाटणी ठीक असल्यास अहवालात नुसती पी-व्हॅल्यू देऊ नये. वरील उदाहरणात खरोखरच 4 आणि 4.4 टक्के आले, तर वाढीचा 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरी वाढ ज्यात असावी असा अंदाजित पल्ला) साधारण 0.12 ते 0.68 टक्के बिंदू इतका येतो, आणि त्याचे खालचे टोक धरूनही खर्च परवडतो का, हे लिहावे. इंटरव्हलमध्ये शून्य येत असेल, तर ‘फरक नाही’ असे न लिहिता ‘फरक सिद्ध झाला नाही’ असे लिहावे. याउलट खरेदी एकदम 30 टक्क्यांनी वाढलेली दिसली, तर अभिनंदनाचा ईमेल जाण्यापूर्वी नव्या पानावर खरेदीची नोंद दोनदा तर होत नाही ना, हे ऑर्डर क्रमांक जुळवून पाहावे.