हॅझमॅट, म्हणजे धोकादायक मालाचे, प्रशिक्षक घडवण्यासाठी अमेरिकी सरकारचं अनुदान: अर्ज कसा करावा

११ मे १९९६ रोजी मायामीहून अटलांटाला निघालेलं व्हॅल्युजेटचं ५९२ क्रमांकाचं विमान काही मिनिटांतच एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळलं. ११० माणसं गेली. विमानाच्या पोटात पुठ्ठ्याची पाच खोकी होती आणि त्यांत मुदत संपलेले ऑक्सिजन जनरेटर, म्हणजे रासायनिक क्रियेने ऑक्सिजन देणारे आणि चालू झाले की आग लावण्याएवढे तापणारे डबे. कागदावर लिहिलं होतं, ‘ऑक्सी कॅनिस्टर, रिकामे’. ते रिकामे नव्हते. प्रत्येकावर बसायला हवी होती ती प्लास्टिकची छोटीशी टोपी बसवलेलीच नव्हती, आणि कामाच्या कागदावर मात्र ती बसवल्याची सही होती.

ही खोकी भरणारे, चिठ्ठी लिहिणारे आणि विमानात चढवणारे हात वेगवेगळे होते. त्यांपैकी एकालाही आपल्या हातात काय आहे हे नीट माहीत असतं, तर तो माल तिथेच थांबला असता. म्हणून अशा माणसांना शिकवणाऱ्यांना तयार करण्यासाठी सरकार पैसे देतं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. अमेरिकेत गोदामांत, ट्रकिंगमध्ये, कामगार संघटनांत काम करणारे मराठी लोक आता कमी नाहीत. त्यांच्यापैकी कुणाला हा अर्ज करावासा वाटला, तर वाट माहीत असावी म्हणून हे लिहितो आहे.

आधी योग्य दार शोधा

हे अनुदान देते ती अमेरिकी परिवहन खात्यातली पीएचएमएसए ही संस्था. नळवाहिन्या आणि धोकादायक मालाची वाहतूक यांची सुरक्षितता तिच्याकडे आहे. तिच्याकडे अनुदानं अनेक आहेत आणि नावं सारखी वाटतात, त्यामुळे पहिली चूक इथेच होते.

माल हाताळणाऱ्या कामगारांना शिकवणारे प्रशिक्षक तयार करायचे असतील, तर ‘हॅझार्डस मटेरियल्स इन्स्ट्रक्टर ट्रेनिंग’, म्हणजे एचएमआयटी, हे तुमचं दार. त्यासाठी संस्था नफा न कमावणारी असावी लागते, तिला प्रशिक्षणाचा अनुभव असावा लागतो आणि कामगारांपर्यंत पोहोचण्याची तिची ताकद दिसावी लागते. एकटी व्यक्ती किंवा खाजगी कंपनी इथे बसत नाही. अग्निशमन दलासाठी प्रशिक्षक घडवायचे असतील तर ‘सप्लिमेंटल पब्लिक सेक्टर ट्रेनिंग’ हे वेगळं अनुदान आहे. एचएमईपी, म्हणजे धोकादायक मालाच्या आणीबाणीच्या तयारीचं अनुदान, हे राज्यं, प्रदेश आणि आदिवासी जमातींसाठी आहे, आणि त्यात २० टक्के वाटा स्वतःचा घालावा लागतो. तुम्ही पात्र नसाल तर पात्र संस्थेचा हात धरा, तिच्याबरोबर काम करा. खोटा आव आणून अर्ज भरण्यात महिने वाया जातात.

नोंदणी आजच सुरू करा

अनुदानाची जाहिरात निघेपर्यंत थांबू नका. सॅम डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर संस्थेची नोंदणी करून यूईआय हा संस्थेच्या ओळखीचा बारा अक्षर-अंकी क्रमांक घ्यावा लागतो. पूर्वीचा डन्स क्रमांक एप्रिल २०२२ पासून बंद झाला आहे. नोंदणी मोफत आहे. ती करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यांची पत्रं येतील, ती बाजूला ठेवा. दर वर्षी नूतनीकरणही करायचं असतं.

मी एका संस्थेला मदत करत होतो तेव्हा आम्ही इथेच अडकलो. स्थापनेच्या कागदावर नावापुढे ‘इंक’ होतं, करखात्याच्या पत्रावर नव्हतं. तेवढ्या एका शब्दावरून पडताळणी कित्येक आठवडे लटकली, आणि अर्जाची तारीख डोळ्यांसमोर निघून गेली. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो: सगळे कागद टेबलावर पसरा आणि नाव व पत्ता अक्षरन् अक्षर जुळवा.

त्यानंतर ग्रँट्स डॉट गव्ह या अनुदानाच्या अर्जांच्या सरकारी संकेतस्थळावर खातं उघडा. तिथे अर्ज सादर करण्याचा अधिकार संस्थेने नेमलेल्या अधिकृत प्रतिनिधीलाच असतो. तो माणूस शेवटच्या दिवशी भारतात सुट्टीवर असला तर काय, याचा विचार आधीच करा.

पॅकिंगच्या टेबलापासून उलटं मोजा

जाहिरात निघाली की ती पूर्ण वाचा. पात्रता, रक्कम, तारीख आणि गुण कशाला मिळतात हे सगळं तिच्यात असतं. मग प्रकल्पाची मांडणी लिहायला घ्या. अर्जाचा सगळा जीव या भागात आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो.

बहुतेक जण संस्थेच्या इतिहासापासून सुरुवात करतात. तसं करू नका. शेवटच्या माणसापासून सुरुवात करा. रात्रपाळीत लिथियम बॅटऱ्यांची खोकी बांधणारी बाई, टँकरची झडप उघडणारा चालक. यांच्यापर्यंत काय पोहोचायला हवं? कायद्यानेच ते सांगितलं आहे: सर्वसाधारण ओळख, प्रत्यक्ष कामापुरतं ज्ञान, सुरक्षितता, संरक्षणाबाबतची (म्हणजे चोरी-घातपातापासून माल जपण्याची) जाणीव, आणि जिथे संरक्षण आराखडा लागू आहे तिथे त्याचं सखोल प्रशिक्षण. नव्या कामगाराला हे ९० दिवसांत द्यायचं, तोवर त्याने जाणत्या माणसाच्या थेट देखरेखीखालीच काम करायचं, आणि पुढे निदान दर तीन वर्षांनी पुन्हा शिकायचं.

आता आकडा मांडा. समजा, तुम्ही २४ प्रशिक्षक तयार करणार. प्रत्येक जण वर्षात चार वर्ग घेणार, वर्गात १५ कामगार. झाले १,४४०. एकूण खर्च ३,६०,००० डॉलर धरला तर एका कामगारामागे २५० डॉलर पडतात. हा नमुना आहे, तुमचे आकडे तुमचेच हवेत. पण अशी साखळी कागदावर उतरली की तपासणाऱ्याला पैसा कुठे जाणार ते दिसतं, आणि तुम्हालाही कळतं की आपले प्रशिक्षक वर्ग घेण्याएवढे मोकळे आहेत की नाही.

वर्ग कसा चालेल तेही दाखवा. प्रशिक्षकाच्या हातात इमर्जन्सी रिस्पॉन्स गाइडबुक, म्हणजे धोकादायक मालाच्या अपघातात काय करायचं ते सांगणारं पुस्तक, द्या, टँकरच्या पाटीवरचा १२०३ हा आकडा वाचायला सांगा. पिवळ्या पानांत तो शोधला की पेट्रोल सापडतं आणि १२८ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेकडे बोट जातं. हे त्याने स्वतः करायचं, मग दुसऱ्याला शिकवून दाखवायचं, आणि त्या शिकवण्याची परीक्षा तुम्ही घ्यायची. विषय येणारा प्रत्येक जण शिकवू शकतो असं नाही. हे अर्जात स्पष्ट लिहा. कामगारांना इंग्रजी नीट येत नसेल तर स्पॅनिश किंवा त्यांच्या भाषेतल्या वर्गांची तजवीजही लिहा. न समजलेल्या भाषेतली सही म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

खर्चाचा तक्ता

ठरावीक फॉर्म असतात: एसएफ-४२४ हा मुख्य अर्ज, ४२४-ए हा खर्चाचा. पगार, भत्ते, प्रवास, उपकरणं, साहित्य, कंत्राटं असे रकाने भरायचे आणि प्रत्येक रकमेमागचं गणित वेगळ्या टिपणात द्यायचं. ‘प्रवास: ४०,००० डॉलर’ असं मोघम लिहू नका, किती माणसं, किती फेऱ्या, किती रात्री ते लिहा. कार्यालयाचं भाडं-वीज यांसारख्या अप्रत्यक्ष खर्चासाठी ज्यांचा दर सरकारशी ठरलेला नाही त्यांना सरसकट दर घेता येतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून त्याची मर्यादा १० वरून १५ टक्के झाली. दारू, करमणूक आणि राजकीय लॉबिंग यांचा खर्च चालत नाही.

बहुतेकदा आधी तुम्ही खर्च करता आणि मग परतफेड मिळते. छोट्या संस्थेचं कंबरडं इथे मोडतं. दोन-तीन महिने पगार चालवण्याएवढी गंगाजळी आहे ना, हे खजिनदाराला आधी विचारा.

अर्ज मुदतीच्या निदान दोन दिवस आधी पाठवा, म्हणजे काही चूक निघाली तर दुरुस्तीला वेळ राहतो. नामंजूर झाला तर कशात कमी पडलो ते लेखी विचारा.

मंजुरीनंतर

पहिल्या वर्गापासूनच नोंदी ठेवा. कामगाराचं नाव, प्रशिक्षण पूर्ण झाल्याची अलीकडची तारीख, शिकवलेल्या साहित्याचं वर्णन किंवा प्रत, प्रशिक्षकाचं नाव-पत्ता, आणि शिकवून परीक्षा घेतल्याचा दाखला एवढं कामगाराच्या मालकाला कायद्याने ठेवावंच लागतं. तुमच्या प्रशिक्षकांनी ते वर्गातच भरून द्यावं. अनुदानाचे हजेरीपट, पावत्या आणि पगाराच्या वेळनोंदी मात्र तुमच्याकडे, शेवटचा आर्थिक अहवाल दिल्यापासून तीन वर्षं. आम्ही प्रत्येक वर्गाचा एक लिफाफा करतो आणि वर्ग सुटल्यावर खोली सोडण्याआधीच तो भरून बंद करतो.