वाचकसंख्या मोजताना या चुका टाळा

संकेतस्थळाचे आकडे एका रात्रीत वाढले, की पेढे आणण्याआधी मोजणी तपासावी, हे मी पुण्यातल्या छोट्या मराठी वृत्त-संकेतस्थळांना गेली अनेक वर्षे सांगत आलो आहे. तरीही दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी तोच प्रश्न घेऊन येते, आणि बहुतेक वेळा कारणही तेच निघते: एकाच पानावर मोजणीचा कोड दोनदा बसवलेला असतो.

गेल्या गणेशोत्सवाच्या तोंडावर नारायण पेठेतल्या एका संकेतस्थळाचे रूप बदलले. विकसकाने वाचक मोजणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्सचा कोड थीमच्या हेडरमध्ये, म्हणजे प्रत्येक पानाबरोबर लोड होणाऱ्या भागात, टाकला. असे कोड एका ठिकाणाहून चालवणाऱ्या टॅग मॅनेजरमधून तोच कोड आधीपासून चालू होता, हे त्याने पाहिले नाही. दुसऱ्या दिवसापासून पेजव्ह्यू, म्हणजे पान उघडल्याच्या नोंदी, दुप्पट दिसू लागले आणि एंगेजमेंट रेट, म्हणजे रस घेऊन झालेल्या भेटींचे प्रमाण, जवळजवळ शंभर टक्क्यांवर गेला. या साधनाच्या सध्याच्या आवृत्तीत, जीए-४मध्ये, भेट १० सेकंदांहून जास्त टिकली, महत्त्वाची म्हणून नेमलेली एखादी कृती घडली किंवा दोन पेजव्ह्यू पडले, तर ती ‘एंगेज्ड’ धरली जाते; इथे पान एकदा उघडताच दोन पेजव्ह्यू पडत होते, त्यामुळे दोन सेकंदांत परत फिरलेला माणूससुद्धा मन लावून वाचणारा ठरत होता. संपादकांनी त्याच आकड्यांवर लक्ष्मी रस्त्यावरच्या एका सराफाला दसऱ्याच्या जाहिरातीचा दर सांगितला. बॅनरवर क्लिक इतके कमी का, असे सराफाने विचारले तेव्हा मला बोलावणे आले. टॅग असिस्टंट हे कोड तपासण्याचे साधन लावून मी मुख्य पान एकदाच उघडले, आणि डीबगव्ह्यू या जीए-४मधल्या तपासणीच्या पडद्यावर पेजव्ह्यूची नोंद एकाच सेकंदात दोनदा उमटलेली सगळ्यांनी पाहिली. जादा कोड काढायला पाच मिनिटे लागली. पण १९ दिवसांचे जमा झालेले आकडे दुरुस्त करता येणार नव्हते, आणि सराफाकडे जाऊन दर कमी करून देण्याचे अवघड काम संपादकांनाच करावे लागले.

तेव्हापासून मी प्रत्येकाला एक साधी वही ठेवायला लावतो. थीम, टॅग, वाचकाची संमती मागणारी पट्टी, जाहिरातीची स्क्रिप्ट यांपैकी काहीही बदलले, की तारीख आणि बदल करणाऱ्याचे नाव लिहायचे, आणि त्याच दिवशी पान स्वतः उघडून नोंद एकदाच पडते ना, ते पाहायचे. प्लगइन टाकून मोकळे होणाऱ्या नवख्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. मला मात्र ही घाईच निम्म्या बिघाडांचे मूळ वाटते.

रोजच्या युजरची बेरीज करून महिन्याचे वाचक काढणे, ही दुसरी जुनी चूक. कोथरूडमधले एखादे आजोबा रोज सकाळी चहाबरोबर बातम्या वाचत असतील, तर अशा बेरजेत ते एकटेच महिन्याचे ३० वाचक होतात. महिन्याचा आकडा महिन्याचाच कालावधी निवडून घ्यावा. तोही माणसांचा नसून मुख्यतः ब्राउझरचा असतो: नातवाच्या लॅपटॉपवर वाचले, तर आजोबा दोन होतात, आणि सफारी ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टने ठेवलेली कुकी, म्हणजे वाचक ओळखण्याची खूण, सात दिवसांवर टिकत नसल्याने पंधरवड्याने येणारा वाचक दर वेळी नवा ठरतो. जाहिरातदाराला आकडा देताना हे स्पष्ट सांगावे, असे माझे ठाम मत आहे.

जीए-४मधला टाइम झोन अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेवर राहिला, तर सप्टेंबरमध्ये पुण्यात दुपारी साडेबारापर्यंत आदलाच दिवस चालू राहतो आणि विसर्जनाच्या सकाळची गर्दी चुकीच्या तारखेला जमा होते. नंतर तो बदलल्यास फक्त पुढचे आकडे सुधारतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून येणारे पुष्कळ वाचक ‘डायरेक्ट’मध्ये, म्हणजे स्रोत न कळलेल्या भेटींत, पडतात, म्हणून गटांत पाठवायच्या दुव्यांना यूटीएम, म्हणजे स्रोत सांगणारी जोड, लावावे आणि त्यातली इंग्रजी अक्षरे कायम लहान ठेवावीत, कारण एक अक्षर कॅपिटल झाले तरी स्रोत वेगळा मोजला जातो. कार्यालयातल्या भेटी वगळणारा फिल्टर सुरुवातीला ‘टेस्टिंग’वर असतो, तो ‘अ‍ॅक्टिव्ह’ करावा. तपशीलवार माहितीची साठवण २ महिन्यांवरून १४ महिन्यांवर पहिल्याच दिवशी न्यावी.

कालचे आकडे आज सकाळी नऊला मागणाऱ्यांना मी ते देत नाही. जीए-४मध्ये प्रक्रिया पूर्ण व्हायला २४ ते ४८ तास लागू शकतात, म्हणून सोमवारचा अहवाल माझ्याकडून गुरुवारीच मिळतो.