टेपऐवजी शेजारच्या तारेला विचारा

व्हायोलिनला गिटारसारखे सुरांच्या जागा दाखवणारे पडदे नसतात, म्हणून नवशिक्यांच्या व्हायोलिनवर, तारा जिथे बोटांनी दाबतात त्या पट्टीवर, रंगीत टेप लावतात. सुरुवातीचे काही आठवडे ठीक. पुढे मात्र सूर कानाऐवजी डोळे ठरवू लागतात.

व्हायोलिन पाश्चात्त्य पद्धतीने, म्हणजे जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत जी-डी-ए-ई असं लावलेलं असेल तर हे करून बघा. आधी मोकळ्या (बोट न ठेवलेल्या) तारा नीट सुरात लावा, नाहीतर सगळंच फुकट. फर्स्ट पोझिशनमध्ये, म्हणजे हात खुंट्यांजवळ ठेवून, डी तारेवर तिसरं बोट (अनामिका) ठेवून जी वाजवा आणि गज उचलून ऐका. सूर अचूक असेल तर शेजारची मोकळी जी तार न छेडताही गुंजते, कारण हा जी तिच्या बरोबर एक सप्तक वरचा आहे. बोट केसभर चुकलं की गुंजन जवळजवळ विरतं. ए तारेवरचा डी आणि ई तारेवरचा ए असेच तपासता येतात. बोट उभं ठेवा. आडवं पडलं तर शेजारची तार दाबली जाऊन मुकी होते.

सूर चुकला तर बोट घसटत जागेवर नेऊ नका. हाताला घसटण्याचीच सवय लागते, आणि ती हट्टी असते. बोट उचला, पुन्हा ठेवा.