दोन विमानतळांमधलं अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढावा

मुंबई–लंडनचंच उदाहरण घेऊ.

अंतर काढायला मिनिटभर पुरतं. 'ग्रेट सर्कल मॅपर' या संकेतस्थळावर दोन्ही विमानतळांचे तीन अक्षरी कोड टाका: मुंबईचा बीओएम आणि लंडनच्या हीथ्रोचा एलएचआर. उत्तर येतं साधारण ७,२०० किलोमीटर. शहराचं नाव नको, कोडच टाका, कारण एका ठिकाणी दोन विमानतळ असू शकतात. गोव्यात दाबोळी जीओआय आणि मोपा जीओएक्स, मुंबईच्या जोडीला नवी मुंबईचा एनएमआय. आकडा नॉटिकल मैलांत असेल तर १.८५२ ने गुणा, किलोमीटर मिळतील.

इथपर्यंत ठीक. मग कोणीतरी सांगतं, "विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर, ९०० ने भाग, झाला वेळ." अजिबात भागू नका. मुंबई–दिल्ली साधारण १,१५० किलोमीटर, म्हणजे या हिशेबाने सव्वा तास. तिकिटावर मात्र सव्वादोन तासांच्या आसपास दिसतील. कारण तिकिटावरचा वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होतो आणि पलीकडे जागेवर उभं राहिलं की संपतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकदम वापरता येत नाहीत आणि रांग लागते. शिवाय वाट सरळच असेल असं नाही. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या त्यांच्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा पडला.

म्हणून वेळ वेळापत्रकातूनच काढायचा. आणि खरी गोची इथेच आहे. सुटण्याची वेळ सुटण्याच्या गावच्या घड्याळाची, पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावच्या घड्याळाची. समजा, विमान मुंबईहून दुपारी २ला सुटतं आणि लंडनला संध्याकाळी ७ला पोचतं. "पाच तासांत लंडन!" म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. जानेवारीत लंडन आपल्या साडेपाच तास मागे असतं. म्हणजे तिथले ७ हे आपले रात्रीचे साडेबारा, प्रवास साडेदहा तासांचा. हेच आकडे जूनमधले असतील तर फरक साडेचारचाच, प्रवास साडेनऊचा. तिथली घड्याळं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकतात, तेव्हा आधी तारीख बघा, मग वजाबाकी करा. न्यूयॉर्कच्या तारखा वेगळ्या: मार्चचा दुसरा रविवार, नोव्हेंबरचा पहिला.

माझा आग्रह एकच: दोन्ही वेळा आधी भारतीय वेळेत कागदावर लिहा, वजाबाकी नंतर. तोंडी करू नका, तो अर्धा तास हमखास निसटतो. पोचण्याच्या वेळेशेजारी बारीक '+१' असेल तर तारीख दुसऱ्या दिवशीची.

परतीचा हिशेब पुन्हा करा, जातानाचा वेळ उचलून लिहू नका. उंचावरचा वेगवान वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. लंडनला जाताना तो समोरून येतो, येताना पाठीशी असतो. परतीला तासभर कमी लागला तर नवल नाही, आणि हिवाळ्यात हा वारा अधिक जोरकस असतो.

कोणाला आणायला जायचं असेल तर 'फ्लाइटरडार२४' या विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर त्याच क्रमांकाच्या विमानाच्या आधीच्या काही दिवसांच्या उतरण्याच्या वेळा बघा. इमिग्रेशन आणि सामान यांचा तासभर त्यात मिळवा, मगच गाडी काढा.